गिअरबॉक्सच्या आधी कप्लर उघडा

आषाढ लागला की शनिवार-रविवारी पुणे–सातारा रस्त्यावरून गाड्यांची रांग चेलाडी फाट्याला आत वळते. कुणाला राजगड गाठायचा असतो, कुणाला तोरणा, कुणाला केळदचा मढे घाट. काही जण कापूरहोळला वळून भोरमार्गे वरंधा घाटाच्या तोंडापर्यंत जातात. पूर्वी या रांगेतली ऑटोमॅटिक गाडी म्हणजे बड्या माणसाची गाडी असायची. 2014 साली मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी आणली आणि क्लच न दाबता चालणारी गाडी नोकरदाराच्या आवाक्यात आली. आज या रस्त्यावर एएमटी आहेत, टॉर्क कन्व्हर्टरवाल्या आहेत, सीव्हीटी आहेत, दोन क्लचच्या डीसीटीही आहेत. सोमवारी सकाळी त्यांतल्या काही टो व्हॅनवर बसून माझ्या दारात येतात.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि गाडीची वायरिंग हेच माझं काम. भोर-वेल्ह्याच्या पावसात ते करताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे. पावसाळ्यात ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स ठणठणीत असतो. बिघडलेला असतो त्याच्या अंगावरचा एखादा कप्लर, म्हणजे वायर जोडणारा दोन बोटं रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा. आणि त्या तुकड्यापायी मालकाला अख्खा गिअरबॉक्स बदलायचं कोटेशन मिळालेलं असतं. याचा मला राग येतो, म्हणून हा लेख.

हे कसं होतं ते समजायला गिअरबॉक्स निर्णय कशावर घेतो ते पाहावं लागेल. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. इंजिनच्या बाजूची पाती तेल फेकतात, त्या तेलाने समोरची पाती फिरतात. पुढे व्हॉल्व्ह बॉडीतले सोलेनॉइड तेलाचा दाब या नाहीतर त्या क्लचकडे वळवतात आणि गिअर पडतो. सोलेनॉइडला हुकूम सुटतो तो टीसीएमकडून, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडून. या कॉम्प्युटरला रस्ता दिसत नाही. गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट किती फिरतोय आणि बाहेर पडणारा किती, हे दोन सेन्सर त्याला सांगतात. तेलाचं तापमान तिसरा सांगतो, लिव्हर कुठे आहे ते चौथा. आत आणि बाहेरच्या फेऱ्यांचा भागाकार ठरलेल्या गुणोत्तराशी जुळला नाही की टीसीएम समजतो, क्लच प्लेट घसरतेय. मग प्लेट जळू नये म्हणून तो सोलेनॉइडचा करंट तोडतो. करंट नसताना तेलाचा दाब ज्या एका गिअरला धरतो त्या गिअरवर, पुष्कळ गाड्यांत तिसऱ्या-चौथ्यावर, गाडी अडकते. यालाच लिंप मोड म्हणतात. आता सेन्सर चांगला, क्लच चांगला, पण मधल्या पिनेवर गंज चढलाय, असं झालं तरी टीसीएमपुढे तीच आकडेवारी येते. तो तोच निर्णय घेणार. त्याचं काही चुकत नाही.

एका श्रावणातली गाडी सांगतो. पुण्याची, सहा गिअरची. केळदहून परतताना पासलीच्या चढावर तिसऱ्या गिअरला अडकली. एका वर्कशॉपने व्हॉल्व्ह बॉडी सांगितली, दुसऱ्याने सरळ गिअरबॉक्स. माझ्याकडे आली तेव्हा आधी तेल पाहिलं. लालसर, स्वच्छ, जळका वास नाही, बोटांत चोळल्यावर धातूचा कीस लागत नाही. क्लच जळलेल्या गिअरबॉक्सचं तेल असं कधीच नसतं. स्कॅनरवर कोड होता पी 0720, म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सरचं सर्किट. सर्किट, फक्त सेन्सर नव्हे. हा फरक लक्षात न घेतल्याने किती चांगले सेन्सर कचऱ्यात जातात. गाडी लिफ्टवर घेतली. कप्लर बाहेरून निर्मळ दिसत होता. चावी चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवला, तर सेन्सरला मिळणारा व्होल्टेज डळमळायचा. लॉक दाबून कप्लर ओढला तसा तांबड्या पाण्याचा थेंब बोटावर आला. एका वायरीचं रबरी सील मागे सरकलेलं, त्याच पिनेवर हिरवट-पांढरा थर. आणि कप्लरपासून चार बोटांवर वायरीच्या आवरणाला सुईचं भोक.

ते भोक मला गंजापेक्षा जास्त खुपलं. टेस्ट लॅम्पची सुई वायरीत खुपसून करंट बघायची सवय आपल्याकडे जुनी आहे. अँबेसेडरच्या जाड वायरीला ती चालून गेली. आताच्या वायरी बारीक, त्यांतले सिग्नल नाजूक, आणि टेस्ट लॅम्पचा बल्ब ओढतो तेवढा करंट कॉम्प्युटरच्या कित्येक लाइनींना सोसत नाही. शिवाय त्या भोकातून वेल्ह्याचा पाऊस आत शिरतो आणि आवरणाखालून तांब्याच्या तारांमध्ये सरकत जातो. या गाडीची वायर मी सोलत गेलो, तांबं काळंच. वीतभर मागे गेल्यावर चकचकीत तार दिसली. तिथून नवी वायर, नवी पिन, नवं सील घातलं, क्रिंप केलं आणि आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसवली. कोड पुसून गाडी पाबे घाटात चढवली-उतरवली. सहाही गिअर पडले. गिअरबॉक्सचा एकही बोल्ट सैल करावा लागला नाही.

कप्लर बिघडायला पाणीच लागतं असं नाही. बहुतेक पिनांवर कथलाचा मुलामा असतो. खड्ड्यांच्या रस्त्यावर हार्नेस थरथरतो, पिन आपल्या खोबणीत केसाच्या जाडीहूनही कमी अंतर पुढे-मागे घासते, आणि दर घासणीला कथलाचं ताजं ऑक्साइड होतं. काही काळाने त्याचा काळपट ठिपका तयार होतो आणि तो वीज अडवतो. डोळ्यांना गंज दिसत नाही, कप्लर काढून पुन्हा बसवला की बिघाड पळतो, मालक खूश होऊन जातो आणि महिनाभराने परत येतो. म्हणून एअरबॅगसारख्या जोखमीच्या जागी कंपन्या सोन्याचा मुलामा देतात. सोन्याच्या पिनेला कथलाची जोड देऊ नये. दोन वेगळे धातू आणि दमट हवा एकत्र आले की गंजाला वेळ लागत नाही. आणि पॉलिश पेपरने पिन घासण्याचा मोह टाळावा. मुलामा गेला की खालचं तांबं उघडं पडतं. कॉन्टॅक्ट क्लीनर, नायलॉनचा ब्रश, हवेने पूर्ण कोरडं करणं आणि सीलवर थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, एवढं पुरतं. ग्रीस सीलसाठी असतं. कप्लर त्याने लिंपायचा नसतो.

मल्टीमीटरची जाड टोकंही घात करतात. मादी पिनेत ती घुसवली की पिन फाकते, पकड सैल होते, आणि तपासायला आणलेली गाडी तपासून बिघडते. कप्लर न काढता मागच्या बाजूने, सीलच्या कडेने बारीक पिन सरकवून मोजावं. मोजायचं तेही चालू सर्किटवर. सुटी वायर ओममध्ये मोजली तर दहापैकी नऊ तारा तुटलेली वायरसुद्धा चांगली दिसते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून गिअरबॉक्सच्या धातूपर्यंत, लोड चालू ठेवून, व्होल्टेज ड्रॉप घ्या. 0.2 व्होल्टच्या वर गेला तर अर्थ, म्हणजे अर्थिंग, खराब, मग पुढचं निदान अर्थ ठीक केल्यावरच करायचं. धुक्यासाठी बाजारातून बसवलेल्या एलईडी लाइटची अर्थ गिअरबॉक्सच्या अर्थ बोल्टवरच आवळलेली मला फार दिसते. टीसीएम आणि इंजिनचा कॉम्प्युटर ज्या दोन पिळलेल्या वायरींवर बोलतात, त्या कॅन लाइनमध्ये बॅटरी काढून मोजल्यावर साधारण 60 ओम यायला हवेत, कारण दोन्ही टोकांना 120 ओमचे रेझिस्टर असतात. 120 आले तर एक टोक तुटलंय. ही लाइन जोडताना पीळ कायम ठेवावा लागतो.

बॅटरीबद्दल तर हात जोडून सांगतो. स्टार्टर फिरताना व्होल्टेज नऊ-साडेनऊच्या खाली गेला की टीसीएम गडबडतो आणि एकाच वेळी पाच-सहा कोड टाकतो. असे भाराभर कोड आले की आधी बॅटरी तपासा.

तेल आणि वीज एकत्र आली की काय होतं याची दोन उदाहरणं जगभरच्या मेकॅनिकांना माहीत आहेत. मर्सिडीजच्या 722.6 या 1996 साली आलेल्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सला बाजूला 13 पिनांचा प्लग असतो. त्याच्या ओ-रिंग कडक झाल्या की तेल पाझरतं आणि दिव्याच्या वातीतून चढावं तसं वायरींच्या तारांमधून वर थेट कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. रिंगांची किंमत किरकोळ, कॉम्प्युटरची जबर. दुसरं उदाहरण फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीएसजीचं, म्हणजे त्यांच्या डीसीटीचं. उष्ण आणि दमट हवेत, थांबत-थांबत चालवताना आतल्या सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकतो, म्हणून 2013 साली कंपनीने जगभरातून लाखो गाड्या परत बोलावून तेल बदलून खनिज तेल घातलं. दमट हवा आपल्याकडे चार महिने मुक्कामाला असते, म्हणून हे उदाहरण मी आवर्जून देतो.

आता गाडीवाल्यांसाठी. घाटातून तापून आलेला गिअरबॉक्स फरशी पुलावरच्या वाहत्या पाण्यात उतरवू नका. धातू अचानक निवतो, आतली हवा आकसते आणि वरच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवा ये-जा करायच्या तोंडातून, पाणी ओढलं जातं. तेल दुधाळ गुलाबी झालं तर इंजिनसुद्धा चालू करू नका, टो व्हॅन बोलवा. हाच न्याय कप्लरला. चिखलाची गाडी गरम असतानाच बॉनेट उघडून प्रेशरने धुतली तर निवणारा कप्लर सीलमधून पाणी आत घेतो. बॉनेटखाली फडक्याने पुसलेलं बरं. गुंजवण्याच्या वाटेवर जॅममध्ये चढावर उभं राहताना एएमटी आणि डीसीटी गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. अर्धवट लागलेला क्लच पाच मिनिटांत वास मारायला लागतो. ब्रेकवर थांबा. उतारावर न्यूट्रल करू नका, मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर घ्या. बंद पडलेली टॉर्क कन्व्हर्टरवाली गाडी इंजिन ओढणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नका: तेलाचा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद म्हणजे आत वंगण बंद.

लिव्हर पार्किंगमधून निघत नसेल तर घाबरण्याआधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट लागतात का ते बघा. ब्रेक दाबल्याचा सिग्नल मिळाल्याशिवाय लिव्हर सुटत नाही, आणि सिग्नल देणारा पेडलजवळचा स्विच साधा, स्वस्त असतो. एएमटी गाडीत गिअर पडत नसेल तर ड्रायव्हरचा दरवाजा उघडा. हायड्रॉलिक पंपवाल्या पुष्कळ गाड्यांत दरवाजा उघडताच पंपाची बारीक घरघर ऐकू येते. ती आली नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले आधी तपासावेत.

आणि उंदीर. भात कापणीला आलं की खाचरातले उंदीर आणि घुशी आसरा शोधतात. अंगणात, गोठ्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट त्यांना ऊबदार वाटतं. कुरतडलेली वायर टेपने गुंडाळून भागत नाही. तिथून पाणी शिरतं आणि गंजाची तीच गोष्ट पुन्हा सुरू होते. तेवढा तुकडा कापून नीट जोडा, आणि कप्लरकडे जाणाऱ्या वायरीला खाली थोडा झोळ ठेवा, म्हणजे थेंब कप्लरमध्ये न ओघळता झोळावरून गळतो.

भोर-वेल्ह्यातल्या, आयटीआयमधून बाहेर पडलेल्या पोरांना माझं सांगणं आहे की या कामाला मोठं भांडवल लागत नाही. चांगला मल्टीमीटर, चांगला क्रिंपिंगचा चिमटा, वायरिंग डायग्राम वाचायची सवय आणि बेताचा स्कॅनर पुरतो. सुई मात्र टाकून द्या.

आणि गाडीमालकांनो, दिवाळीपर्यंत पाऊस सरलेला असतो, कप्लर उघडून कोरडे करायचा हाच हंगाम. गिअरबॉक्स उतरवायचं कोटेशन कुणी हातात ठेवलं, तर पैसे देण्याआधी स्टार्टर फिरतानाचा बॅटरीचा व्होल्टेज, गिअरबॉक्सच्या अर्थचा ड्रॉप आणि ज्या सेन्सरचा कोड आलाय त्याच्या उघडलेल्या कप्लरचा फोटो मागा. हे दाखवता येत नसेल, तर गाडी तिथे उघडू देऊ नका.