अण्णांची कॅसेट आणि जुना संगणक

आषाढीच्या वाटेवर आता प्रत्येक खिशात कॅमेरा असतो. रिंगणात अश्व धावू लागला की जोडलेल्या हातांपेक्षा मोबाइल धरलेले हातच जास्त दिसतात, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. मी ती करत नाही. सगळ्या दिंडीत मिळून एकच कॅमेरा असण्याचे दिवस मी पाहिले आहेत, आणि त्या एका कॅमेऱ्यात कोण आले, कोण राहून गेले, याची हळहळही पाहिली आहे.

आमच्या दिंडीचा तो कॅमेरा मिनी डीव्ही जातीचा होता. काडेपेटीहून जरा मोठी कॅसेट, तीत एक तासाचे चित्रण. २००१ ते २००८ या आठ वाऱ्यांच्या चौदा कॅसेट वारज्यात माझ्या घरी आहेत. दिव्याचा घाट आहे, नीरेचे स्नान आहे, पुरंदवड्याचे गोल रिंगण आहे. आणि २००३ च्या कॅसेटमध्ये, लोणंदच्या अलीकडे, संध्याकाळच्या भुरभुर पावसात डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चाललेल्या काकू आहेत. काकू म्हणजे आमच्या विणेकरी अण्णांच्या पत्नी. ती त्यांची शेवटची वारी. त्यानंतरच्या माघात त्या गेल्या. घरात त्यांचा लग्नातला एक फोटो आहे, रेशनकार्डावरचा एक आहे. चालता-बोलता पुरावा म्हणाल तर ही चार मिनिटे.

अण्णा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. खुब्याचे हाड मोडल्यापासून जिना उतरत नाहीत. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. डॉक्टरांनी सांगितले, मधला भाग हळूहळू जाईल, कडेकडेचे दिसत राहील. चैत्रात मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, “त्या कॅसेटीत ही दिसते म्हणतोस ना? मग दाखव की. आता नाही तर केव्हा?”

कॅसेट लावून पाहिली. काकू होत्या, पण अंधारात. चित्रभर मुंग्या फिरत होत्या. हालचाल झाली की फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटत. वीणा कुठली आणि वृंदावन कुठले हे मला ठाऊक होते म्हणून कळत होते. अण्णांच्या डोळ्यांना त्यातले काहीच लागले नसते.

माझ्याकडे संगणक आहे तो मूळ कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातला. मी तिथे आरेखक होतो. जुनी यंत्रे विकायला काढली तेव्हा त्यातले एक मी घेतले. वर्कस्टेशन म्हणतात तसले, जाड पत्र्याचे, उचलायला दोन माणसे लागावीत असे. आत २०१२ सालचा झिऑन प्रोसेसर, चार कोअरचा. ग्राफिक्स कार्ड क्वाड्रो ६००. नकाशे काढायला उत्तम, पण चित्रफितीचे काम त्याच्या आवाक्यातले नाही. सॉफ्टवेअरमध्ये काकूंचा तुकडा स्वच्छ करायला लावला की पंखे घोंघावायला लागत आणि विसाव्या मिनिटाला यंत्र आपोआप बंद पडे.

भाचा हिंजवडीत संगणकाच्याच नोकरीत आहे. तो म्हणाला, “मामा, भंगारात द्या हे. नवं घ्या, सत्तर-ऐंशी हजारांत उत्तम येईल.” आता सत्तर-ऐंशी हजार म्हणजे आमच्या दिंडीच्या एका मुक्कामाची पंगत. ते माझ्या पेन्शनीतही बसत नव्हते आणि दिंडीच्या खात्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. त्याहीपेक्षा, हे यंत्र वाईट नाही असे माझे मत होते. त्याला काय कमी पडते आहे ते नीट पाहायला हवे होते.

हे कार्ड नेमके काय करते, ते आपल्या भाषेत सांगतो. प्रोसेसर हा कीर्तनकारासारखा. एकटाच, पण पूर्वरंग, उत्तररंग, दृष्टान्त, मध्येच कुणी आले तर त्याची दखल, असे नाना प्रकारचे काम तो करतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे टाळकऱ्यांच्या रांगा. प्रत्येकाचे काम साधे आणि सारखे, पण शेकडो जण एका ठेक्यावर ते करतात. चित्राचे काम या दुसऱ्या प्रकारचे असते. माझ्या कॅसेटच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांहून अधिक ठिपके. सेकंदाला अशी पंचवीस चित्रे, तासाला नव्वद हजार. प्रत्येक ठिपक्यावर तीच तीच आकडेमोड. ती चार हुशार माणसांकडून करून घेण्यापेक्षा नऊशे साध्या माणसांना वाटून देणे बरे. पुण्याला हा विचार नवा नाही. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक इथेच उभा केला, तो एखाद्या अवाढव्य प्रोसेसरच्या जोरावर नव्हे, तर पुष्कळ लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून.

माझ्या जुन्या कार्डात असे गणिताचे घटक ९६ होते आणि स्मृती एक जीबी. त्यापेक्षा मोठे कार्ड हवे हे उघड होते. पण किती मोठे, हे बाजार ठरवत नाही, जुने यंत्र ठरवते. कार्ड ज्या खाचेत बसते ती खाच जास्तीत जास्त ७५ वॅट वीज देते. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते, आणि माझ्या यंत्रात तशी वायरच नव्हती. पॉवर सप्लाय ४०० वॅटचा, तोही कंपनीच्या खास आकाराचा, बाजारातला दुसरा त्यात बसत नाही. मग कागदावर हिशेब मांडला. प्रोसेसर १३०, कार्ड ७५, बोर्ड आणि मेमरी ४५, दोन हार्ड डिस्क २०, पंखे १०. बेरीज २८०. चारशेच्या सप्लायवर दोनशेऐंशीचे ओझे, म्हणजे सत्तर टक्के. बैलाला चालता यावे इतकेच ओझे गाडीत घातले तर गाडी मुक्कामाला पोहोचते.

७५ वॅटमध्ये बसणारे, वेगळी वायर न मागणारे कार्ड म्हणून जीटीएक्स १६५० ठरवले. २०१९ सालचे, ८९६ घटक, चार जीबी स्मृती. ते जुन्या बाजारात मिळते. पीएमपीच्या बसने शहरात गेलो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचे दर्शन घेतले आणि तपकीर गल्लीत शिरलो. पूर्वी देवळासमोर पासोड्या विकायला बसत, म्हणून त्या विठोबाचे हे नाव. आता त्याच पेठेत वायरी, दिवे आणि सर्किटांचे ढीग विकायला असतात. तीन दुकाने फिरल्यावर हवे ते कार्ड मिळाले, सात हजारांना. दुकानदाराला सांगून अर्धा तास तिथेच चालवून पाहिले, पंख्याला हाताने फिरवून डगमग बघितली, सोन्याच्या दातांवर काळेपणा नाही ना ते पाहिले. जुनी वस्तू घेताना लाजू नये, असे माझे मत आहे.

घरी आल्यावर एक अडचण निघाली. नवे कार्ड दोन खाचांएवढे जाड, आणि शेजारच्या खाचेत फायरवायरचे कार्ड बसवलेले. कॅसेट कॅमेऱ्यातून संगणकात उतरवायची तर फायरवायर पाहिजेच. ते काढून सगळ्यात खालच्या खाचेत बसवले. दोन्ही कार्डांमध्ये बोटभर जागा राहिली, हे बरेच झाले, कारण नव्या कार्डाचा पंखा खालच्याच अंगाला आहे.

आता खरा प्रश्न उष्णतेचा. नुसते कार्ड बदलून काही झाले नसते. वीस मिनिटांत बंद पडणारे यंत्र आणखी लवकर बंद पडले असते. नवे कार्ड आपली गरम हवा यंत्राच्या पोटातच सोडते, बाहेर फेकत नाही. तेव्हा आधीचे पोट साफ हवे.

बाजूचा पत्रा काढला. प्रोसेसरवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो, पात्यांमधून हवा गेली की उष्णता निघून जाते. इथे पात्यांमध्ये नमदा बसला होता. वारजे हायवेला लागून; बाह्यवळणाची धूळ, बांधकामांची सिमेंटची पूड, हे सगळ्यांच्याच घरात येते. पण आमचे घर दोन खोल्यांचे, देवघर आणि संगणक एकाच खोलीत. निरांजनाचा तेलकट धूर, उदबत्ती, धूप, बुक्का, हे सगळे त्या धुळीत मिसळून चिकट थर झाला होता. नुसती फुंकणी चालेना. आधी मऊ ब्रशने खरवडले, मग ब्लोअरने उडवले. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे लागते, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जाते.

ठोकळा उचलला तर खाली प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक खळगे असतात. त्या खळग्यांत हवा राहते, आणि हवा उष्णता वाहून नेण्यात फार आळशी. पेस्ट ते खळगे भरते. वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढली, नवी वाटाण्याएवढी मधोमध ठेवली आणि ठोकळ्याचे चार स्क्रू कर्णाकर्णाने थोडे थोडे आवळले, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो.

पंखे दोन बदलले. पुढचा हवा आत घेणारा, मागचा बाहेर टाकणारा. पंख्याच्या अंगावर वाऱ्याच्या दिशेचा बाण असतो, तो पाहूनच बसवायचा. वायरी वाटेत लोंबत होत्या, त्या कडेला बांधल्या. शेवटी संगणक देवघराच्या भिंतीकडून काढून खिडकीच्या बाजूला आणला आणि पाठीमागे वीतभर जागा सोडली. यातले शेवटचे काम फुकटचे, पण त्यानेच चार-पाच अंश उतरले.

आमच्या वारज्यातून चांदणी चौक ओलांडला की पाषाणला आयसर संस्था आहे. तिथल्या परम ब्रह्म महासंगणकाला नळ्यांतून द्रव फिरवून थंड करतात. मोठ्यांचे ते ठीक. मे महिन्यात छत्तीस अंशांच्या खोलीत, वातानुकूलनाशिवाय, माझा प्रोसेसर पूर्वी सत्त्याण्णवला जाऊन बंद पडत असे, तो आता पूर्ण कामावर बहात्तरच्या आसपास राहतो. कार्ड सदुसष्टला. सगळा खर्च साडेआठ हजार.

यंत्र तयार झाल्यावर भाच्याने नवी युक्ती काढली. “मामा, आता एआय वापरू. काकूंचा चेहरा अगदी स्वच्छ करून देईल.” त्याने एक चित्र तसे करूनही दाखवले. चेहरा खरोखरच देखणा आला. पापण्या दिसत होत्या, कुंकू रेखीव होते. मी विचारले, “हे कॅसेटमध्ये होते का?” तो प्रामाणिक मुलगा आहे. म्हणाला, “नाही. इतक्या थोड्या ठिपक्यांत पापण्या मावतच नाहीत. हजारो चेहरे पाहून ते अंदाजाने काढतं.” मग त्या काकू नव्हेत, दुसऱ्या कुणीतरी बाई झाल्या. अण्णांच्या डोळ्यांत जे थोडे बळ उरले आहे त्यात त्यांना परक्या बाईचा चेहरा दाखवायचा आणि ही तुमची म्हणून सांगायचे, हे मला पटले नाही. भाच्याला यात काय बिघडले ते पटले नाही. आमचा तो वाद अजून मिटलेला नाही.

मी दुसरी रीत वापरली. मुंग्या दर चित्रात जागा बदलतात, माणूस बदलत नाही. म्हणून संगणक मागची-पुढची चित्रे एकावर एक ठेवून पाहतो; जे सगळ्यांत आहे ते ठेवतो, जे एकातच आहे ते पुसतो. काकू चालत होत्या, तेव्हा त्यांच्या पावलांबरोबर ठिपका कुठे सरकला तेही शोधावे लागते. याच कामाला टाळकऱ्यांची फौज लागते. फणीच्या रेघांचेही तसेच. कॅमेरा आधी एक आड एक ओळी टिपे, मग पन्नासाव्या भागाच्या सेकंदाने मधल्या उरलेल्या ओळी. त्या दोन अर्ध्या चित्रांची नीट जुळणी करायची. मग उजेड थोडा वाढवायचा, बस. चार मिनिटांच्या तुकड्याला सहा मिनिटे लागली. पंखा घोंघावला नाही. चित्र मऊच राहिले, पण जे होते ते वर आले. काळे वाटत होते ते लुगडे हिरवे निघाले.

ज्येष्ठात, पालख्या पुण्यात यायच्या आठवडाभर आधी, पेनड्राइव्ह घेऊन अण्णांकडे गेलो. मुलाने खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ आणि जरा तिरकी लावली, म्हणजे कडेच्या दृष्टीत चित्र येईल. अण्णांनी तीनदा पाहिले. पहिल्यांदा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाले, “वृंदावन डावीकडं कललंय. पावसानं चुंबळ भिजली होती हिची.” तिसऱ्यांदा विचारले, “आवाज नाही का येत?” आवाज होता, पण माइकवर वारा आपटत होता, त्यात काकूंचे गाणे बुडाले होते. या कार्डाचा आवाजाला काही उपयोग नाही, तसे मी सांगितले. “असू दे,” म्हणाले, “ओठ हलताना दिसतात. त्या वाटेवर ही काय म्हणायची ते मला ठाऊक आहे.”

उरलेल्या तेरा कॅसेटचे काम आता रोज रात्री, खोली जरा निवल्यावर चालते. दोन कॅसेटांना पांढरी बुरशी दिसते आहे, त्या अजून कॅमेऱ्यात घातलेल्या नाहीत, कारण बुरशी कॅमेऱ्याच्या हेडला लागली तर बाकीच्याही जातील. वाचक माउलींपैकी कुणाच्या दिंडीत त्या काळातल्या मिनी डीव्ही कॅसेट असतील तर त्या उभ्या, कोरड्या जागी, लोखंडी कपाटात पण स्पीकरपासून लांब ठेवाव्यात, आणि त्या वाजवणारा कॅमेरा मोडीत घालू नये. कॅसेट टिकतात, कॅमेरे मिळेनासे झाले आहेत.