उतरलेली चेन

मुलांनो, शाळेत उशिरा येणाऱ्यांची कारणे मला आता पाठ झाली आहेत. कोणाच्या गल्लीत पाणी उशिरा आलेले असते, कोणाचा धाकटा भाऊ आजारी असतो. पण सर्वांत जास्त वेळा ऐकू येते ते हे : "मिस, चेन उतरली होती." हे कारण सहसा खरे असते. सांगणाऱ्याच्या बोटांवर काळे वंगण असते आणि पायजम्याच्या कडेलाही त्याचा पट्टा उमटलेला असतो.

मी स्वतः सायकलनेच शाळेत येते. घरापासून शाळा चार किलोमीटर आहे. त्यातला शेवटचा रस्ता खडीचा. खडी पसरली, रोलर फिरला, पण डांबर काही पडले नाही. पावसाळ्यानंतर खडी सुटी होते आणि चाकाखाली खडखड वाजते. त्या रस्त्यावर कोणाच्या ना कोणाच्या सायकलची चेन रोज उतरते. मुले ती बसवतात, घाईने पुढे जातात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उतरते.

माझे अब्बा मालेगावात यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर. ताण्यातला धागा तुटला की विणकर गाठ मारतो आणि माग पुन्हा चालू करतो. पण त्याच जागी धागा वारंवार तुटू लागला की जॉबरला हाक मारतात. जॉबर धाग्याकडे पाहत नाही. तो फणीवरून बोट फिरवतो आणि कोणती तार वाकली आहे ते शोधतो. सायकलच्या चेनकडेही तसेच पाहायला हवे. चेन आपल्या मनाने उतरत नाही. ती सैल झालेली असते, नाहीतर तिच्या वाटेत काहीतरी वाकडे असते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आठवीतली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. मी तिच्या घरी गेले. तिची अम्मी म्हणाली, "मिस, नाल्याजवळ दोन वेळा चेन उतरली. पोर एकटी उभी होती. आता हिचे अब्बा सायकलवर जाऊ देत नाहीत. आणि रोज रिक्षाला पैसे कुठून आणायचे?" म्हणजे प्रश्न चेनचा राहिला नव्हता, शाळेचा झाला होता.

सायकल अंगणात भिंतीला टेकून उभी होती. साधीच, बिनगिअरची. मी चेनची खालची बाजू मधोमध धरून वर-खाली हलवली. ती चांगली दीड इंच हलली. एवढी सैल चेन खड्ड्यात उडते आणि पुढच्या दातेरी चाकावरून घसरते. साधारण अर्धा इंच हलणारी चेन योग्य समजावी. पायडल थोडे थोडे फिरवून चार जागी असे तपासायचे असते, कारण पुढचे चाक अगदी गोल क्वचितच असते. एका जागी चेन ताठ लागते, दुसऱ्या जागी ढिली. जिथे ती सर्वांत ताठ असेल तिथेही थोडी हलली पाहिजे. तारेसारखी ताणलेली चेनही वाईटच. पायडल जड जाते आणि आतल्या छऱ्यांची झीज होते.

मग मी मागून, चाकाच्या रेषेत डोळा लावून पाहिले. मागचे चाक डावीकडे झुकलेले होते. मी विचारले, "हल्ली पंक्चर काढले होते का?" मुलगी म्हणाली, "हो मिस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्यांदा उतरली." पंक्चर काढताना मागचे चाक सोडले होते आणि घाईत तिरपे बसवले होते. चाक तिरपे असले की मागचे दाते आणि पुढचे दाते एका रेषेत राहत नाहीत, आणि चेनला प्रत्येक फेऱ्यात थोडे वाकून जावे लागते. सपाट रस्त्यावर ते निभावते. खडीवर धक्का बसला की संपले.

शेजारच्या घरातून पाना आणला. मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल केले, चाक थोडे मागे ओढले, दोन्ही बाजूंना सारखे अंतर राहील असे मधोमध धरले आणि नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. चाक मागे सरकले की ब्रेकची जागा बदलते, म्हणून ब्रेक दाबून पाहायला विसरू नका. एवढ्याला दहा मिनिटे लागली. तोवर तिचे अब्बा कामावरून आले. त्यांनी पायडल उलटे फिरवून पाहिले आणि विचारले, "आता उतरणार नाही ना?" मी म्हटले, "खडीचा रस्ता आहे, शपथ कशी घेऊ? पण उतरली तर कशी बसवायची ते हिला आत्ताच शिकवून जाते." सोमवारी ती सायकलवर शाळेत आली.

तिला जे शिकवले तेच तुम्हांला सांगते. चालताना पाय एकदम हलका पडला, म्हणजे चेन उतरली. लगेच पायडल मारणे थांबवा. जोर लावून मारत राहिलात तर चेन दात्यांत आणि दांडीत अडकून बसते. ब्रेक लावा आणि रस्त्याच्या डाव्या कडेला जा. ओढणी, दप्तराचा पट्टा, पायजम्याची कड नीट आवरून घ्या. आधी चेन मागच्या दात्यांवर बसवा. मग पुढच्या दातेरी चाकाच्या खालच्या तीन-चार दात्यांवर ती अडकवा. आता हाताने पायडल हळूहळू उलटे फिरवा. चेन आपोआप चढत जाईल. उलटे फिरवण्यात एक फायदा आहे : मागचे चाक फिरत नाही. चेन धरायला काडी घ्या, कागद घ्या, झाडाचे पान घ्या. बोट मात्र चेन आणि दाते यांच्या मध्ये जाऊ देऊ नका. चेन कुठे अडकली असेल तर हिसका देऊ नका. मागचे नट सैल केले की ती सुटते.

आणि हे काम नेहमी एकट्यानेच करा. होय, एकट्यानेच! शाळेत आम्ही तुम्हांला मिळून काम करा म्हणतो, पण इथे नाही. एक मुलगा चेन धरतो, दुसरा मदतीला म्हणून पायडल फिरवतो, आणि त्याला पहिल्याचे बोट दिसत नाही. आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या उजव्या हाताच्या बोटाचे टोक असेच गेले. तो आता दहावीत आहे. पेन धरायची त्याची पद्धत निराळी आहे, आणि अक्षर चांगले यावे म्हणून त्याने किती पाने गिरवली ते मला माहीत आहे. चेन धरणारा हात आणि पायडल फिरवणारा हात एकाच माणसाचे असावेत.

चेन सैल का होते, हेही समजून घ्या. पुष्कळांना वाटते की ती रबरासारखी ताणली जाते. तसे नाही. चेनच्या प्रत्येक सांध्यात एक लहान खिळी असते. धूळ आत शिरली की खिळी झिजते आणि सांध्यात केसाएवढी फट पडते. एका चेनमध्ये असे शंभराच्या आसपास सांधे असतात. शंभर फटी मिळून चेन लांब होते. एका खिळीपासून पुढच्या खिळीपर्यंतचे अंतर अर्धा इंच असते. तेव्हा तुमच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. एका खिळीच्या मध्यावर शून्य ठेवा आणि त्यापासून विसावी खिळी पाहा. नवीन चेनमध्ये ती बरोबर १० इंचांवर येते. एक-सव्वा मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन म्हातारी होऊ लागली आहे. अडीच मिलिमीटर गेली असेल तर ती बदलावी, आणि दात्यांकडेही पाहावे. झिजलेले दाते एका बाजूला वाकलेल्या आकड्यासारखे दिसतात. अशा दात्यांवर नवी चेनही टिकत नाही.

ही रूळ लावलेली चेन १८८० साली हॅन्स रेनॉल्ड यांनी इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार केली. ते मूळचे स्वित्झर्लंडचे. मँचेस्टर हे तेव्हा कापडाचे शहर होते, आणि गिरण्यांतल्या यंत्रांनाही चेन लागत असत. मालेगावच्या मुलांना हे सांगताना मला उगीचच आनंद होतो.

शब्दांचेही पाहा. आपण घरी दंदाने म्हणतो, मराठीत दाते म्हणतात. आपण जंजीर म्हणतो, मराठीत साखळी. पण सायकलच्या दुकानात दोन्ही भाषांचे लोक चेनच म्हणतात, आणि ती दोन्हीकडे उतरतेच!

आता गिअरच्या सायकलीविषयी थोडे. तिला मागे लहान-मोठी अनेक दातेरी चाके असतात आणि त्यांखाली स्प्रिंगचा एक हात लोंबतो. तो चेनला ताण देतो. चेन उतरली असेल तर तो हात बोटाने पुढे ढकला, म्हणजे चेन सैल होते आणि सहज बसते. त्या हातावर दोन लहान स्क्रू असतात. एकाजवळ एच आणि दुसऱ्याजवळ एल हे इंग्रजी अक्षर असते. चेनने बाहेरच्या बाजूला कुठवर जायचे ते एच ठरवतो, आणि आतल्या बाजूला कुठवर, ते एल. एल बिघडला तर चेन चाकाच्या तारांत शिरते आणि चाक जागच्या जागी अडते. म्हणून हे स्क्रू गंमत म्हणून फिरवू नका. सायकल उजव्या अंगावर पडली असेल, तर हा हात जिथे टांगलेला असतो तो तुकडा वाकतो. तेव्हा कारागिराला दाखवा.

खडीच्या वाटांसाठी हल्ली खास सायकली निघाल्या आहेत. टायर रुंद, हँडल खाली वळलेले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया या गावी २००६ साली सुरू झालेली एक मोठी शर्यत अशाच रस्त्यांवरून जाते. तिचे मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर. या सायकलींना बहुधा पुढच्या चाकावर एक दाता रुंद, एक अरुंद असे दाते असतात. ते चेनच्या पोकळीत घट्ट बसतात. पुष्कळांत स्प्रिंगच्या हाताला एक रोधही असतो, त्यामुळे तो धक्क्याने उडत नाही. माझ्या भाऊजानकडे अशी एक जुनी सायकल आहे. मी ती चालवून पाहिली. छान आहे, पण तिच्यावर बाजाराची पिशवी लावायला कॅरियर नाही!

अशी सायकल नसली तरी बिघडत नाही. गिअर असतील तर ते खडी सुरू होण्यापूर्वीच बदलून घ्या, धक्के खाताना बदलू नका. खडीवर वेग कमी करा आणि पायडल हलकेच फिरवत राहा, कारण चालती चेन दाते धरून ठेवते. आठवड्यातून एकदा चेन कोरड्या फडक्याने पुसा आणि प्रत्येक सांध्यावर पातळ तेलाचा एक थेंब सोडा. पायडल उलटे फिरवून तेल आत मुरू द्या, मग वरचे तेल पुसून टाका. आमच्या भागात कारखान्यातले जळके तेल ओतण्याची पद्धत आहे. फुकट मिळते हे खरे, पण ते घट्ट असते, खडीची धूळ त्याला चिकटते आणि कानसेसारखी चेन घासत राहते.

दप्तरात एक लहान पाना आणि जुने फडके ठेवा. आणि हाताच्या काळ्या डागांवर एकदम साबण लावू नका. आधी थोडे खोबरेल चोळा, फडक्याने पुसा, मग साबण लावा. मग वहीच्या पानांवर बोटे उमटणार नाहीत.