चामड्याचे जोडे आणि आपला पावसाळा

मैत्रिणींनो, पेण-रोह्याकडे संसार करणाऱ्या तुम्हां-आम्हांला चामड्याचा शत्रू कोण ते सांगायला नको! वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कपाटाच्या तळाशी ठेवलेल्या बुटांना श्रावणापर्यंत पांढरी बुरशी धरतेच. आमच्या धाकट्याची नोकरीची मुलाखत ऐन पावसात आली आणि घरात चांगले बूट एकच, ह्यांचे. नवे घ्यायचे तर वाणसामानाला कात्री. बापलेकांचे माप एक, म्हणून निभावले. पण ते बूट मी चार पावसाळे जपले होते, हेही खरे.

भिजलेले बूट चुलीपाशी किंवा गॅसजवळ मुळीच ठेवू नका. चामडे आखडते, कडक होते नि भेगा पडतात. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला, आणि पंख्याखाली चांगले दोन दिवस राहू द्या. पॉलिश त्यानंतर. बुरशी पुसायची ती ओटीवर नेऊन. घरात झटकलीत तर शेजारच्या जोडावर बसायचीच! प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकता ना? आत ओल कोंडते. त्यापेक्षा उशीचा जुना सुती अभ्रा बरा.

कोल्हापुरीचे निराळेच. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल बाभळीची साल नि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची. पाण्यात तिचा तळ फुगतो. एरंडेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन चोळा आणि दसऱ्यापर्यंत तिला उंबऱ्याबाहेर काढू नका. तोवर रबरी चप्पल, दिसायला कशी का असेना!