भिंती बोलतात त्या गावी

फिलाडेल्फिया हे नाव मराठी माणसाच्या कानांवर प्रथम पडते ते आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रातून. तेथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ही कल्याणची मुलगी १८८६ साली डॉक्टर होऊन बाहेर पडली आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई जातीने हजर होत्या, एवढे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. त्यानंतर मात्र आपला या गावाशी संबंध सुटतो. अमेरिकेला गेलेला आपला माणूस न्यूयॉर्क पाहतो, वॉशिंग्टन पाहतो आणि या दोहोंच्या मधल्या वाटेवर दोन तास मोटार थांबवून फिलाडेल्फियाची ती तडा गेलेली स्वातंत्र्याची घंटा तेवढी उरकून घेतो. माझा मुक्काम भाचीकडे आठ-दहा दिवसांचा होता, म्हणून घंटेच्या पलीकडचे गाव पाहायला मिळाले. आणि त्या गावात पाहण्यासारखे जे आहे ते कोणत्याही वस्तुसंग्रहालयात नाही, ते भिंतींवर आहे.

अर्थात संग्रहालयेही आहेत, पुतळे तर पावलोपावली. नगरभवनाच्या मनोऱ्यावर, जमिनीपासून ५४८ फुटांवर, गावाचा संस्थापक विल्यम पेन उभा आहे. खालून तो बाहुलीएवढा दिसतो, पण आहे ३७ फूट उंच. पेनच्या टोपीपेक्षा उंच इमारत बांधायची नाही असा येथे कित्येक वर्षे अलिखित संकेत होता. १९८७ साली एका गगनचुंबी इमारतीने तो मोडला, आणि तेव्हापासून गावातला एकही मोठा खेळसंघ अजिंक्यपद मिळवीना! शेवटी २००७ साली, त्याहूनही उंच अशा नव्या इमारतीच्या माथ्यावर कामगारांनी पेनची वीतभर मूर्ती चिकटवली, आणि पुढल्याच वर्षी बेसबॉलचे अजिंक्यपद गावात आले. नवस, दृष्ट आणि शांत ही आपलीच मक्तेदारी आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हा पुतळा घडवला अलेक्झांडर मिल्न कॅल्डरने. त्याच्यासमोरून जो भव्य रस्ता निघतो, त्यावर एका चौकातले कारंजे आहे ते त्याच्या मुलाचे, आणि रस्त्याच्या टोकाला कलासंग्रहालयाच्या जिन्यावर छतापासून एक पांढरे अधांतरी शिल्प तरंगते ते नातवाचे. तीन पिढ्या एका रस्त्यावर. आपल्याकडे गवय्यांची घराणी असतात तसे हे शिल्पकारांचे घराणे म्हणायचे.

आणखी एक गोष्ट गृहिणींसाठी मुद्दाम सांगतो. नगरभवनासमोरच कपडे वाळत घालायचा एक चिमटा उभा आहे, पोलादी, ४५ फूट उंच! क्लेस ओल्डनबर्ग या शिल्पकाराने तो १९७६ साली उभारला. हसू येते खरे, पण त्यामागचा कायदा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुनर्बांधणीसाठी मिळालेल्या सरकारी जमिनीवर जो इमारत बांधील त्याने खर्चाचा निदान शंभरावा हिस्सा कलाकृतीसाठी काढावा, असा नियम या गावाने १९५९ साली केला. अमेरिकेत असा नियम करणारे हे पहिलेच शहर. म्हणजे बिल्डराच्या खिशातून कला! आमच्या मुंबईच्या एखाद्या बिल्डराला हे ऐकवले तर त्याला घेरी येईल.

पण मला सांगायचे आहे ते हे नव्हे. पुतळे आणि कारंजी श्रीमंत रस्त्यांवर असतात. भिंतींचे तसे नाही.

फिलाडेल्फियातली जुनी घरे लाल विटांची, अरुंद, एकमेकांना खांदा लावून ओळीने उभी. दोन घरांत भिंत एकच. १९५० साली या गावची वस्ती वीस लाखांवर होती, पुढच्या पन्नास वर्षांत ती पंधरा लाखांवर आली. गिरण्या आणि कारखाने बंद पडले, ज्यांना शक्य होते ते उपनगरांत गेले. ओळीतले एक घर पडले की शेजारच्या घराची आडवी भिंत उघडी पडते. पुण्यात एखादा वाडा पाडला की बाजूच्या वाड्याच्या भिंतीवर जुने कोनाडे आणि निळ्या रंगाचे पोपडे दिसू लागतात ना, अगदी तसे. फरक इतकाच, की आपल्याकडे सहा महिन्यांत तेथे नवी इमारत उभी राहते. तेथे तीस-तीस वर्षे जागा ओसाड राहिली, आणि उघड्या भिंती वाढत गेल्या.

या भिंतींवर प्रथम आली ती पोरांची नावे. रंगाची फवारणी करून भिंतीवर, बसवर, आगगाडीवर आपले नाव टाकण्याचा नाद अमेरिकेला लागला तो बराचसा याच गावातून. १९६७च्या सुमारास कॉर्नब्रेड या टोपणनावाचा एक पोरगा गावभर आपले नाव लिहीत सुटला होता. सुधारगृहात असताना तो आचाऱ्याकडे आजीच्या हातच्यासारख्या मक्याच्या पावाचा हट्ट धरी, म्हणून हे नाव पडले. शाळेतल्या सिंथिया नावाच्या मुलीवर त्याचे मन बसले होते, तेही त्याने भिंतीभिंतींवर जाहीर केले. पुढे वर्तमानपत्राने चुकून त्याच्या मृत्यूची बातमी छापली, तेव्हा या पठ्ठ्याने प्राणिसंग्रहालयात शिरून हत्तीच्या अंगावर आपण जिवंत असल्याचे लिहून ठेवले, असे सांगतात. हत्तीचे म्हणणे कोणी विचारले नाही.

गंमत वेगळी आणि घरमालकाच्या डोक्याचा ताप वेगळा. १९८४ साली विल्सन गुड हे महापौर झाले. या गावचे ते पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांनी भिंती रंगवण्याविरुद्ध मोहीम उघडली. पण नुसते पोलीस लावले नाहीत. पुन्हा असे करणार नाही या प्रतिज्ञेवर जो सही करील त्याला माफी, आणि हाताला काम. त्या कामासाठी जेन गोल्डन या तरुण चित्रकर्तीला नेमण्यात आले. लॉस एंजेलिसच्या बाजूला तिने भित्तिचित्रे काढलेली होती. पोरांना हातात ब्रश देऊन त्याच भिंतींवर चित्रे काढायला शिकवायचे, असा तिचा उद्योग. (याच गुड महाशयांच्या कारकिर्दीत, १९८५ साली, पोलिसांनी एका घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला. अकरा माणसे मेली, साठावर घरे जळाली. माणसाचा आणि सरकारचा हिशेब एका ओळीत मांडता येत नाही, तो असा.) १९९६ साली या उद्योगाचे नगरपालिकेच्या स्वतंत्र भित्तिचित्र-योजनेत रूपांतर झाले, आणि गोल्डनबाईंनी चाळीस वर्षे तिची धुरा वाहिली. आजवर चार हजारांवर चित्रे झाली आहेत. पाहायला तिकीट नाही.

चित्र तयार कसे होते हे मला समजून घ्यायचे होते, कारण चारमजली भिंतीवर माणसाचे नाक काढायचे तर नाकच माझ्याएवढे! पूर्वी परातींवर उभे राहून थेट भिंतीवरच रंगवीत. आता पुष्कळदा एका पातळ, न विणलेल्या कापडाचे चौकोन करतात. त्यावर चित्राच्या बाह्यरेषा आणि रंगांचे आकडे घालतात, आणि मग शाळेतली मुले, वस्तीतल्या आजीबाई, कोणीही बसून आकड्याप्रमाणे रंग भरते. सर्व चौकोन रंगले की ते एका चिकट अॅक्रिलिक लेपाने भिंतीवर डकवायचे. असे बसते की हात फिरवूनही कापड वाटत नाही.

पण त्याआधी सभा! भिंत कोणाची, चित्र कशाचे, यावर वस्तीतली माणसे जमून वाद घालतात. आपल्या सोसायटीच्या सभेत जिन्याला कोणता रंग द्यावा यावर किती रात्री जातात हे आठवा आणि त्याला दहाने गुणा. या सभांचा एक तोटाही आहे, तो सांगितलाच पाहिजे. सर्वांना पसंत पडेल असे चित्र हे पुष्कळदा गुळमुळीत होते. हसरी मुले, फुलपाखरे आणि उगवता सूर्य पाहून पाहून तिसऱ्या दिवशी मला कंटाळा आला होता. मेग सॅलिगमन यांचे आठमजली ‘कॉमन थ्रेड्स’ (१९९८) पाहिले तेव्हा तो गेला. चिनी मातीच्या जुन्या बाहुल्या आणि आजच्या शाळकरी मुली एकाच ऐटीत उभ्या आहेत. रस्त्याच्या पलीकडून मी मान वर करून पाहत राहिलो आणि दोन बसगाड्या निघून गेल्या.

ग्रेज फेरी नावाची एक वस्ती आहे. गोऱ्या आयरिश कामगारांची आणि काळ्यांची, रस्त्याच्या दोन बाजूंना. १९९७ साली तेथे वर्णद्वेषातून मारामाऱ्या झाल्या, मोर्चे निघाले, गावभर तणाव होता. त्यानंतर गोल्डनबाई तेथे भित्तिचित्राची सूचना घेऊन गेल्या. घर पेटलेले असताना रांगोळी काढायला यावे, तसेच कोणाला वाटले असेल. अखेर जे चित्र झाले त्यात चेहरा एकही नाही. वेगवेगळ्या वर्णांचे हात बाजूंनी येऊन मध्ये एकमेकांवर विसावले आहेत, आणि ते हात वस्तीतल्याच माणसांचे आहेत. चित्राने वस्तीतले भांडण मिटले असे मी म्हणणार नाही, तेथे राहणारेही म्हणत नसतील. पण ती भिंत कोणी विद्रूप केली नाही. आपल्याकडे जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स बसवतात. येथे शेजाऱ्याच्या हाताने तेच काम केले.

सर्वांत विलक्षण हकीकत जर्मनटाऊन अॅव्हेन्यूवरच्या दोन भिंतींची. गावापासून तीसएक मैलांवर ग्रेटरफर्ड येथे मोठा तुरुंग होता. २०१८ साली तो बंद झाला. जन्मठेपेचे कैदी तेथे चित्रकलेच्या वर्गाला बसत. त्यांना एक चित्र करावेसे वाटले, आणि त्यात गुन्ह्यांत ज्यांची माणसे गेली त्या कुटुंबांनाही बोलवायचे ठरले. आया आल्या, बहिणी आल्या. तुरुंगात समोरासमोर बसून एका चित्राची आखणी व्हायची होती. पण ती जुळेना. कैद्यांना पश्चात्ताप दाखवायचा होता, सुटका आणि प्रकाश दाखवायचा होता. ज्यांचे लेकरू परत येणार नव्हते त्यांना तो प्रकाश कसा रुचावा? शेवटी सीझर व्हिवेरोस आणि पॅरिस स्टॅन्सेल या चित्रकारांनी एकाऐवजी दोन भिंती घेतल्या. एक कैद्यांच्या वाटचालीची, एक पीडितांच्या. कापडाचे चौकोन दोन्ही बाजूंच्या माणसांनी रंगवले, तुरुंगात आणि तुरुंगाबाहेर, आणि २००४ साली ती चित्रे पुरी झाली.

मी ती पाहिली तेव्हा दुपार होती, रस्त्यावर फारसे कोणी नव्हते. मला राहून राहून वाटत होते की एकच चित्र झाले असते तर ते खोटे झाले असते. समेटाचे सुंदर चित्र काढणे काही कठीण नव्हते. ते जमत नाही हे कबूल करून दोन भिंती मागणे, आणि तरीही रंग एकत्र भरणे, यासाठी त्या आयांना काय सोसावे लागले असेल हे बाहेरच्याने सांगू नये. माझी भाचीसुद्धा, जी एरवी मिनिटभर गप्प बसत नाही, मोटारीत बसेपर्यंत काही बोलली नाही.

सगळ्याच भिंती टिकतात असे नाही. फ्रँक रिझो हे पूर्वीचे कडक पोलीसप्रमुख आणि १९७२ ते १९८० या काळातले महापौर. इटालियन बाजारात त्यांचे चित्र १९९५ साली काढले होते. काहींना ते आपला माणूस वाटत, काळ्या वस्त्यांना त्यांचे नाव काढले तरी कापरे भरे. चित्रावर वारंवार रंग फेकला जाई. २०२० च्या जूनमध्ये देशभर निदर्शने पेटली तेव्हा नगरभवनासमोरचा त्यांचा पुतळा रातोरात हलवला आणि चार दिवसांत हे चित्रही पुसले.

काही चित्रे भांडण नसतानाही जातात. थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९५० नंतरच्या दशकात या गावी राहत असे. त्याच्या घराजवळच्या भिंतीवर २००२ साली त्याचे चित्र झाले. भिंत ज्या इमारतीची ती २०१४ मध्ये पाडण्यात आली, आणि चित्र विटांबरोबर गेले. भिंत घरमालकाची, चित्र वस्तीचे, हा पेच कायद्याने सुटत नाही. आणि यात एक क्रूर विनोद आहे. ओसाड जागेमुळे भिंत दिसते, भिंतीवर चित्र येते, चित्राने वस्तीला बरे दिवस येतात, मग ओसाड जागेला भाव येतो आणि तेथे नवी इमारत चित्राला टेकून उभी राहते.

शेवटच्या दिवशी आम्ही पश्चिमेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसलो. ही गाडी पुढे खांबांवरून, घरांच्या दुसऱ्या मजल्याच्या उंचीने धावते. स्टीव्ह पॉवर्स हा त्याच भागात वाढलेला, एकेकाळी चोरून भिंती रंगवणारा चित्रकार. २००९ साली त्याने या मार्गाला लागून पन्नास भिंतींवर एक प्रेमपत्र लिहिले. खाली रस्त्यावरून त्याचा अर्थ लागत नाही. गाडीत बसले की एकेक वाक्य खिडकीतून सरकत येते. सिंथियासाठी भिंती खराब करणाऱ्या त्या पोराची मला आठवण झाली. समोरच्या बाकावर कामावरून परतणारी एक परिचारिका डोळे मिटून बसली होती. तिला हे पत्र पाठ असणार. आम्ही मात्र शेवटच्या स्टेशनावर उतरून, पुन्हा तिकीट काढून, तेच पत्र उलट्या बाजूने वाचत परत आलो.

कोल्ट्रेनचे नवे चित्रही झाले आहे, २०१७ साली, जुन्या जागेपासून थोड्याच गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या कोणाच्या तरी भिंतीवर.