तिसरी पाळी

सुरतेच्या लिंबायत-डिंडोलीकडच्या गल्ल्यांत दुपारी दोन वाजता कुणी कुणाला मोठ्यानं हाक मारत नाही. पोरं क्रिकेट खेळतात, तीही चेंडू पत्र्यावर जाणार नाही असं बघून. पत्र्याखाली रातपाळीचा माणूस झोपलेला असतो. उधना, पांडेसरा इथल्या लूम्सच्या खात्यांत बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. सकाळी सुटलेला कारागीर घरी येतो, आंघोळ करतो, भाकरी खातो आणि ऊन वर चढत असताना आडवा होतो. ओडिशातल्या गंजामहून आलेल्या मजुरांच्या मेसमध्ये तर एक जागा दोघांत असते. एक कामावर निघाला की त्याच चटईवर दुसरा अंग टाकतो. इथं झोपलेल्याला उठवणं म्हणजे त्याच्या मजुरीत हात घालणं. त्यामुळे झोपेचा मान राखायला आमच्या वस्तीत कुणाला शिकवावं लागत नाही.

अशा घरात तान्हं बाळ आलं की एका खोलीत दिवसा झोपणारे दोघं होतात. आमच्याकडे माझा मुलगा आणि त्याची तीन महिन्यांची लेक. दोघांचं दुखणंही एकच. नवजात बाळाला दिवस-रात्र कळत नाही. दिवसाकाठी चौदा ते सतरा तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. शरीरातलं घड्याळ उजेड-अंधाराशी जुळायला दोन-तीन महिने लागतात. नात आता कुठं ते घड्याळ लावायला शिकतेय आणि बापानं लावलेलं घड्याळ दर पाळीबदलाला मोडतंय. सकाळी दोघं एकमेकांकडे बघून जांभया देतात, तेव्हा नवखं कोण आणि मुरलेलं कोण, सांगता येत नाही.

तान्ह्याची झोप येते तेव्हा ती सांगून येते. आधी हातपाय हलायचे थांबतात, नजर भिंतीवर कुठंतरी अडकते. भुवया लालसर होतात, मूठ डोळ्यांवर जाते. तेवढ्यात उचललं तर निम्मं काम झालं. आणखी थोडा वेळ 'हसतेय अजून, खेळू दे' म्हटलं की गाडी गेली. मग अतिश्रमानं कावलेलं पोर पाठ ताणून रडतं आणि शेजारच्या काकी दारातून विचारतात, "शुं थयुं?" पहाटेचं दूध, मग मालिश, मग कोमट पाण्याची आंघोळ, आणि त्यानंतर येणारी झोप दिवसातली सगळ्यांत दाट, हे आमच्या खानदेशातल्या बाळंतिणींना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. जुनी धुरी मात्र आता आम्ही देत नाही. ओवा-वावडिंगाच्या वासानं मला माहेर आठवतं, पण एवढ्याशा छातीत धूर कशाला, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मला उत्तर सुचलं नाही. जायफळाचा वेढाही तसाच डब्यात राहिला.

झोप ओळखणं सोपं. ती पुरी होईपर्यंत थांबणं अवघड. बाळाच्या झोपेचं एक आवर्तन पाऊण तासाच्या आसपास संपतं आणि तिथं ते कूस बदलतं, कुरकुरतं, डोळे किलकिले करतं. त्या क्षणी कुणी थोपटलं तर दुसरं आवर्तन लागतं. कुणी नसलं तर पोर जागं. म्हणजे झोपवणाऱ्याला नुसतं झोपवून उठता येत नाही, पाऊण तासानं पुन्हा हजर राहावं लागतं. आणि आमच्याकडे तर हातांचीच वानवा आहे. सून घरबसल्या साड्यांचं काम करते. रिंगरोडच्या मार्केटातून गठ्ठा येतो. टिकल्या चिकटवायच्या, लेस लावायची, लोंबते धागे कापायचे. मजुरी नगावर. बाळाला खांद्यावर घेतलं की टिकली चिकटत नाही.

यावर गुजराती शेजाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काढलेला तोडगा म्हणजे घोडियुं. लोखंडी नाहीतर लाकडी चौकट, तिला टांगलेली कापडाची झोळी आणि झोळीला बांधलेली लांब दोरी. काकींनी आपल्या नातवंडांचं घोडियुं बारशाआधीच आमच्याकडे आणून ठेवलं. सुनेनं दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि हात मोकळे केले. पाय झोळीला हलवतोय, बोटं साडीवर चालतायत, असं दृश्य या शहरात घरोघर दिसेल. झोळीसाठी कापड मात्र माझ्या पेटीतून निघालं. ज्या सुरतेतून देशभर साड्या जातात, तिथं बाळाला गुंडाळावं असं कापड घरात नव्हतं. इथलं बहुतेक कापड पॉलिस्टरचं, घामात अंगाला चिकटणारं. माझ्या सासूबाईंचं अमळनेरकडचं सुती लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं होतं, ते चौघडी करून लावलं.

तरी घोडियाला दोरी लांब असली म्हणून त्याकडे पाठ फिरवता येत नाही. झोळीत बाळ दुमडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बाळाला झोपवायचं ते कडक, सपाट अंथरुणावर, पाठीवर, आजूबाजूला उशी-दुलई न ठेवता, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. अमेरिकेत १९९४पासून पाठीवर झोपवण्याची मोहीमच चालली आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पुढे निम्म्यानं उतरली. म्हणून आमच्याकडे घोडियुं डोळा लागेपर्यंतच. मग उचलून खाली चटईवर. आणि हे उचलून ठेवणं हीच खरी परीक्षा.

या परीक्षेचा अभ्यास जपानमध्ये झाला आहे. तिथल्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की आई बाळाला घेऊन चालू लागली की त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, रडणं थांबतं. उंदराची पिल्लंही आईनं तोंडात धरून नेताना अशीच निमूट होतात. २०२२च्या अभ्यासात त्यांनी वेळ मोजली. पाच मिनिटं न थांबता चालायचं, बाळ झोपलं की लगेच खाली न ठेवता आणखी पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं. बाळ जागं होतं ते पाठ अंथरुणाला टेकल्यामुळे नव्हे, आईच्या अंगापासून सुटू लागताना, हेही त्यात दिसलं. मी हे वाचलं तेव्हा आमच्या गच्चीच्या जिन्यावर पोर घेऊन येरझाऱ्या घालणाऱ्या सगळ्या आज्या डोळ्यांपुढून गेल्या. त्यांची चाल बरोबर होती. पुढची आठ मिनिटं बसायला त्यांना कुणी दिली नव्हती. चुलीवर दूध असायचं.

चालण्याची मोठी आवृत्ती म्हणजे आमची तापी लाइन. उधन्याहून जळगावला निघालेली गाडी बारडोली, व्यारा मागे टाकते, नवापूरला येते; त्या स्टेशनात फलाटावरच दोन राज्यांची हद्द आहे. पुढे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. जवळजवळ ३०० किलोमीटरांची ही वाट खानदेश सुरतेत येण्याची आणि सुटीत परत जाण्याची. घरी तासभर न झोपणारी पोरं व्याऱ्याच्या आत गाढ होतात, गर्दीत, कुणाच्याही मांडीवर. डब्यातल्या बायका न मागता हात पुढे करतात. गाडीच्या हेलकाव्याइतकंच श्रेय मी त्या हातांना देते.

राहिला आवाज. बाळाला शांतता लागते हा समज आमच्या गल्लीत टिकत नाही. पलीकडच्या खात्यात लूम्सचा खडखडाट अखंड चालतो; आत तो नव्वद डेसिबलच्या वर जातो, भिंतींमधून गाळली जाऊन आमच्यापर्यंत एक सपाट गुरगुर पोचते. नात त्यात झोपते. साप्ताहिक सुटीला खातं बंद पडतं आणि बाईसाहेब टक्क जाग्या. परदेशात हीच गुरगुर काढणारी यंत्रं पाळण्यापाशी ठेवतात. त्यांपैकी १४ यंत्रं कॅनडातल्या संशोधकांनी २०१४ साली तपासली, तर पूर्ण आवाजात ती सगळी रुग्णालयातल्या बाळांच्या कक्षासाठी सांगितलेली पन्नास डेसिबलची मर्यादा ओलांडत होती. म्हणून खिडकी खात्याच्या बाजूची बंद ठेवून दुसरी उघडायची, एवढी व्यवस्था आम्ही केली आहे.

हात मोकळे करण्याच्या या धडपडीला एक काळी बाजूही आहे. मुंबईच्या गिरण्यांत बायका कामाला जात, त्या काळी तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवण्याची रीत होती. बाळागोळी म्हणत तिला. पोर दिवसभर गुंगीत पडे, रडत नसे, खातही नसे. १९३१ साली अहवाल देणाऱ्या शाही मजूर आयोगापर्यंत ही गोष्ट गेली होती. त्या आयांना कठोर म्हणणं सोपं आहे. पण पाऊण तासानं थोपटायला येणारा हात त्यांच्याकडे नव्हता, साच्यावरून उठायची मुभा नव्हती, आणि घरी राहिलं तर चूल पेटत नव्हती. पुढे १९४८च्या कारखाना कायद्यानं पन्नासाहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ साली हा आकडा तीसवर आला. गिरणीतल्या बाईसाठी कायद्यानं एवढं तरी केलं. माझी सून ज्या खोलीत टिकल्या चिकटवते, तिला कारखाना कोण म्हणणार? तिथं बाई एकच असते आणि पाळणाघरही तीच.

गाणी मात्र कुठल्याही खोलीत फुकट. मी अहिराणीत पुटपुटते, "जपी जाय माय, जपी जाय," सून मराठी पाळणा म्हणते, काकी हालरडं गातात. काकींचं आवडतं हालरडं गुजराती कवी झवेरचंद मेघाणींचं, शिवाजीचं. १६६४ आणि १६७०, दोनदा महाराजांनी ही सुरत लुटली. त्याच सुरतेतल्या गुजराती आज्या जिजाऊंच्या तोंडचं हालरडं गाऊन नातवंडं निजवतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. त्यात आई बाळाला सांगते की आज पोटभर झोपून घे, पुढे लढायांत तुला झोप मिळायची नाही. मेघाणींनी ते राजपुत्रासाठी लिहिलं. आमच्या खोलीत ते ऐकताना माझं लक्ष पलीकडे चादर डोक्यावर ओढून पडलेल्या मुलाकडे जातं. त्यालाही मी लहानपणी असंच काहीबाही गाऊन निजवलं होतं. पुढे लढाई नाही, बारा तासांची पाळी आली.

म्हणून सध्या घरात आम्ही तिसरी पाळी लावली आहे. सकाळी खात्यावरून आल्यावर आंघोळ करून बाप लेकीला घेऊन गच्चीवर फिरतो, मग मांडीवर घेऊन बसतो. ती गाढ झाली की तिच्या चटईवर ठेवून आपल्या जागी जातो. शेजारी घेऊन झोपायचं नाही, हे ठरलेलं. थकलेल्या माणसाच्या अंगाखाली पोर जायला वेळ लागत नाही. दुपारची झोप माझी. पाऊण तास झाला की मी आधीच जवळ जाऊन बसते, कुरकुर सुरू व्हायच्या आत तळहात छातीवर ठेवते. संध्याकाळची डुलकी काकींची, कारण तेव्हा मार्केटचा माणूस तयार माल न्यायला येतो आणि सुनेला हिशेब करायचा असतो.

त्या हिशेबात साड्यांचे नग असतात, टिकल्यांची पाकिटं असतात, खराब मालाची कपात असते. आमच्या तिघांच्या वेळेला तिथं रकाना नाही. पण हे हात नसते तर तयार नग निम्मेच भरले असते, हे सुनेला ठाऊक आहे. परवा वहीच्या मागच्या पानावर तिनं आमच्या पाळ्या लिहून काढल्या, काकींचं नावसुद्धा. या पाळीला पगार नाही, हे आम्हाला मान्य. खाडा मात्र तिघांपैकी एकानंही केलेला चालत नाही.