मापात न बसणारं गाव

मार्क शगालच्या ‘मी आणि माझं गाव’ या चित्रात डावीकडे गाईचं भलंमोठं तोंड आहे आणि उजवीकडे हिरव्या चेहऱ्याचा माणूस. दोघांच्या डोळ्यांना जोडणारी एक बारीक रेघ. गाईच्या गालावरच एक बाई धार काढत बसलीय. वर घरांची रांग आहे, त्यातली दोन घरं चक्क उलटी.

चित्र १९११चं आहे. शगाल तेव्हा चोवीस वर्षांचा. वितेब्स्कहून, म्हणजे आजच्या बेलारूसमधल्या गावातून, नुकताच पॅरिसला आलेला. बाप हेरिंग माशांच्या वखारीत राबणारा. पॅरिसमध्ये तेव्हा क्युबिझमची हवा होती. शगालने त्यातले कोन आणि तुकडे उचलले आणि त्यात आपलं गाव भरलं.

माझं रोजचं काम नकाशांच्या सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे स्केल चुकलं की तो बग असतो. त्यामुळे गाय माणसाएवढी आणि घर मुठीएवढं हे मला आधी नुसतं गमतीचं वाटायचं. त्याचा अर्थ लागला तो आजीमुळे.

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर महामार्गाला लागून आहे. चौपदरीकरणात खळं, गडगा आणि पुढची पडवी गेली. मी आइंडहोव्हनला. बाबांनी व्हिडिओ पाठवला, तो मी पूर्ण पाहू शकलो नाही. मग जुने फोटो आणि मोजणीचा नकाशा समोर ठेवून होतं तसं घर काढायला घेतलं. स्केलमध्ये, फुटाफुटाचा हिशेब लावून. पुरं झालं तेव्हा व्हिडिओ कॉलवर आजीला दाखवलं.

तिने चष्मा पुसला. ‘कुणाचं रे घर हे?’

‘आपलंच, आजी.’

‘छे! खळं एवढंसं होतं? मे महिन्यात तुम्ही सगळी पोरं झोपायचात त्यात. आणि तुझे आजोबा बसायचे तिथे काहीच नाही काढलंस.’

मापं बरोबर होती, मी दोनदा तपासली होती. पण आजोबांची आरामखुर्ची भिंतीत नव्हती, त्यामुळे प्लॅनमध्ये नव्हती. आजीच्या घरात मात्र सगळ्यात मोठी वस्तू तीच. शगालची गाय मोठी का, ते मला त्या कॉलवर कळलं. आठवणीत वस्तूचा आकार लांबी-रुंदीवरून ठरत नाही, आपण तिच्या किती जवळ होतो यावरून ठरतो.

जवळिकीबद्दल बोलायचं तर बेलाबद्दल बोलायलाच हवं. बेलाही वितेब्स्कचीच. १९१५ साली त्यांचं लग्न झालं. त्याच वर्षीच्या ‘वाढदिवस’ चित्रात ती हातात फुलं घेऊन उभी आहे आणि तो हवेत तरंगत, मान पार मागे वळवून तिचं चुंबन घेतोय. ‘गावावरून’ या चित्रात दोघं वितेब्स्कच्या लाकडी घरांवरून उडताहेत. खाली कुंपणाशी एक माणूस निवांत परसाकडे बसलाय! मला तो फार आवडतो. गावाची ओढ म्हणून फक्त सुंदर तेवढंच काढायचं, असं शगालने केलं नाही.

१९२२मध्ये त्याने रशिया सोडला. १९४१मध्ये नाझींपासून जीव वाचवायला फ्रान्सही सोडून तो अमेरिकेला गेला. १९४४मध्ये वितेब्स्क जर्मनांच्या ताब्यातून सुटलं, तेव्हा त्याचे जवळजवळ अवशेषच उरले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेला गेली. त्यानंतर कित्येक महिने त्याने कुंचला हातात धरला नाही. धरला, तेव्हा बेला आणि वितेब्स्क पुन्हा चित्रांत येऊ लागले, ते बहुतेक हातात हात घालूनच.

१९७३ साली, शहाऐंशीव्या वर्षी, तो सोव्हिएत युनियनला गेला. मॉस्को पाहिलं, लेनिनग्राड पाहिलं. वितेब्स्कला गेला नाही.

हे वाचल्यावर मला बरं वाटलं होतं. घर पडल्यापासून मीही गेलेलो नाही. एवढा मोठा चित्रकार गेला नाही, तर आपणही न गेलेलं चालेल, असं काहीसं. पण हिशेब जुळत नाही. तिथे जाऊन शगालला बेला भेटणार नव्हती. माझी आजी अजून तिथेच आहे. मागच्या ओटीवर बसते, ट्रकांच्या आवाजात मोठ्याने बोलते.

गणपतीचं तिकीट काढलंय. लॅपटॉप नेणार नाही. एक मोठा कागद नेईन आणि आजीच्या पुढ्यात पसरेन. खळं किती मोठं, ते तिनेच सांगायचं.