बुडवून ठेवलेली होडी

औंढा तालुक्यातल्या पूर्णाकाठचा मी एक निवृत्त शिक्षक. गळ्यात माळ घालून चाळीस वर्षं झाली. त्यामुळे गोठ्यात होडी बांधायला घेतली तेव्हा पहिला प्रश्न आला तो असा : "गुरुजी, माळकरी माणूस मासे धरायला निघाला का काय?"

मासे धरायचे नव्हते. मला पाण्यावर राहायचं होतं.

येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णेवरची दोन धरणं १९६८ साली पुरी झाली, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. वडिलांनी माळवद उतरवलं आणि सागवानी तुळया, फळ्या बैलगाडीत घालून नव्या वस्तीवर आणल्या. पुढं मुलांनी त्या घराच्या जागी स्लॅबचं घर बांधलं आणि लाकूड गोठ्यात पडलं. भंगारवाला दोनदा येऊन गेला. मी दिलं नाही. ज्या घराचं ते लाकूड होतं ते घर पाण्याखाली आहे, तर लाकडानं पाण्यावर तरी जावं, असं मनात आलं.

हे झालं सांगण्यापुरतं कारण. खरं कारण घरात होतं. दोन्ही मुलांत वाटणी झाली, विहीर मात्र एकच राहिली. पाण्याच्या पाळीवरून बोलणं तुटलं. एका ओसरीवर दोन चुली, आणि मधे आम्ही दोघं. रात्री झोप येईना. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याबद्दल वाचलं होतं. ती छप्पन्न फुटी नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी लाकूड आणि फायबरग्लासची बांधली. दोंदे सागरावर राहिले, तर मला एवढ्याशा जलाशयात चौदा फुटी होडीवर का राहता येऊ नये? छोटं छप्पर, एक स्टोव्ह, ज्ञानेश्वरी, टाळ. कुणाचं ऐकायला नको.

सौ. म्हणाली, "राहा की. पण तुळशीला पाणी कोण घालील ते सांगून जा."

जलाशयात मासेमारी करणारे भोई बांधव आता थर्माकोलच्या तराफ्यावर बसतात. लाकडाची होडी बांधता येणारे एकच म्हातारे सापडले. ते कागदावर काही काढत नसत. दोरी, खुंट्या आणि डोळा एवढ्यावर काम. तळ सपाट ठेवला. बाजूची फळी वाकवायची म्हणजे तिला ओली पोती गुंडाळायची, वरून उकळतं पाणी ओतत राहायचं आणि दोराचा पीळ रोज थोडा वाढवायचा. घाई केली की फळी तडकते. मी घाई केली. दोन फळ्या गेल्या. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे, सांध्यांत कापसाची वात, वरून राळ आणि तेल. आठ महिने लागले. हातपाय सोलले, पण झोप येऊ लागली.

होडी पाण्यापर्यंत न्यायला आठ माणसं लागणार होती. सहा जमली. उरलेले दोघे कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पाहतो तर थोरला पुढच्या टोकाला आणि धाकटा मागच्या. एकमेकांशी बोलले नाहीत. पण ओझं दोघांच्या खांद्यावर असलं की "जरा डावीकडं" एवढं तरी म्हणावंच लागतं.

पाण्यात सोडली आणि होडी गळू लागली. सगळ्या सांध्यांतून. माझं तोंड उतरलं. म्हातारे म्हणाले, "आता हिच्यात दगड भरा आन् बुडवा." मला वाटलं थट्टा करायलेत. पण साठ वर्षं छपराखाली वाळलेलं लाकूड ते. पाणी प्याल्याशिवाय फुगत नाही, आणि फळ्या फुगल्याशिवाय सांधे मिटत नाहीत. तीन दिवस होडी पाण्याखाली होती. इंद्रायणीकाठी तुकोबाराय तेरा दिवस कसे बसले असतील, याचा विचार त्या तीन दिवसांत पहिल्यांदा खरोखर केला. नंतर दगड काढले, पाणी उपसलं. होडी कोरडी राहिली.

त्या रात्री मी एकटा होडीवर झोपलो. हरिपाठ झाला. खाली कुठेतरी आमचं जुनं अंगण होतं. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात माऊलींनी मायेच्या नदीचं रूपक मांडलं आहे. पोहून जाणारे, सांगड बांधून जाणारे असे नाना लोक तिथं बुडतात, कारण अहंकाराचा दगड त्यांच्याबरोबर असतो. जे सर्वभावानं देवाला भजतात, त्यांच्यासाठी ते पाणी अलीकडच्या काठावरच संपून जातं. हे मी शेकडो वेळा वाचलं होतं, कीर्तनात ऐकलं होतं. त्या रात्री कंदिलाच्या उजेडात पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. मी कुठून निघालो होतो ते मला माहीत होतं. काठावर आमच्या घरचा दिवा दिसत होता. तो रात्रभर विझला नाही.

पहाटे वल्हं मारत काठाला आलो. सौ.नं चहा दिला, काही विचारलं नाही. दुपारी मुलांना बोलावलं आणि विहिरीच्या पाळीचा कागद समोर ठेवला. तो कागद मी वर्षभर टाळत आलो होतो. मिटलं असं म्हणत नाही; पाऊस कमी झाला की पुन्हा कुरबुर होते. पण आता तिघं बसून बोलतो.

होडी आहे. एकादशीला आम्ही दोघं तीवर जातो, संध्याकाळी परत येतो. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते तेव्हा आम्ही नरसीला नामदेवरायांच्या जन्मस्थानी जाऊन तिच्यात मिळतो आणि पंढरीची वाट धरतो. वारीच्या दिवसांत होडी उन्हात राहिली तर सांधे पुन्हा उघडतील, म्हणून निघण्याआधी तिच्यात दगड भरून काठाशी बुडवून ठेवावी लागते. यंदा मी दगड गोळा करायला गेलो, तर धाकट्यानं आधीच ढीग रचलेला होता. थोरला दोराची गाठ तपासत होता. "आबा," तो म्हणाला, "पाऊस लागला की पाणी चढंल. दोर लांब सोडतो."